अक्काच्या हातचा चहा

मिरजेच्या दवाखान्यात नंदूच्या दंडात औषधाचा मणी बसवून झाल्यावर डॉक्टर आजरेकरांनी विचारलं, "सोबती म्हणून कुणाचा फोन जोडायचा?" आणि नंदूनं क्षणभरही विचार न करता सांगून टाकलं, "मृणालचा."

त्रिशला तेव्हा पर्समधून आपला फोन काढतच होती. तिनं तो परत आत टाकला, वर चष्म्याचं घर ठेवलं, चेन ओढली आणि आपण खोकल्याची गोळी शोधत होतो असा चेहरा केला. शेजारच्या खुर्चीवर मृणाल, म्हणजे लग्नाला अजून वर्षही न झालेली नंदूची बायको, अंगठा टेकवून आपला फोन जोडून घेत होती.

"अक्कांचापण जोडायचा का?" मृणालनं विचारलं.

"एकच जोडता येतो," डॉक्टर म्हणाल्या. "दोन सोबती ठेवले की दोघांनाही वाटतं, दुसरा बघतोय."

"असू दे की," त्रिशला म्हणाली. "मला काय करायचंय? नवरा तिचा आहे."

हे ती हसत हसत म्हणाली. पण त्या क्षणी पोटात जे दुखायला लागलं ते सांगलीला घरी पोचेपर्यंत थांबलं नाही. कुठल्या दुखण्यावर कुठली गोळी हे त्रिशला मगदूमला कुणी शिकवायची गरज नव्हती. वडिलांच्या, आप्पांच्या मागे मगदूम मेडिकल तीच चालवत होती, आणि औषधं ड्रोननं घरपोच यायला लागल्यावरही निम्मी पेठ अजून तिलाच विचारून गोळी घेत होती. मात्र या दुखण्यावरची गोळी तिच्या दुकानात नव्हती.

दुखण्याला कारणही होतं. नंदू, कागदोपत्री अभिनंदन, तिचा धाकटा भाऊ. आई लवकर गेली, तेव्हापासून त्याला वाढवलं ते हिनंच. तो इंजिनिअरिंगला असताना आजार उपटला. होस्टेलवरून घरी आला तो दारं-खिडक्या लावून बसला. मेसवाला, रूममेट, समोरचा इस्त्रीवाला, सगळे एकमेकांना खुणा करतात म्हणायचा. त्याच वर्षी त्रिशलाचं इचलकरंजीचं स्थळ ठरल्यात जमा होतं. मुलाकडच्यांनी "भावाचं काय?" एवढंच विचारलं, आणि हिनं आपणच नकार कळवला. त्यागबिग असले मोठे शब्द तिनं कधी वापरले नाहीत. फक्त नंदूचा विषय निघाला की ती "आमचा" म्हणायची, आणि त्या शब्दात दुसऱ्या कुणाला जागा नसायची.

आणि आता मृणाल. रुग्णांच्या नातेवाइकांच्या बैठकीत भेटलेली. तिच्या वडिलांना हाच आजार होता, त्यामुळे तिला काही समजावून सांगायला लागलं नाही, नंदूला बघून ती दचकली नाही, की दया दाखवत बसली नाही. खरं म्हणजे याहून चांगली भावजय दिवा घेऊन शोधली तरी मिळाली नसती, आणि नेमकं हेच त्रिशलाला खुपत होतं. वाईट असती तर निदान चारचौघांत बोलता तरी आलं असतं! आयत्या बिळावर नागोबा, असं ती मनात म्हणायची, आणि मनातच ठेवायची.

*

आता हा मणी काय होता ते सांगायला हवं. त्रिशला गिऱ्हाइकांना सांगायची तसंच सांगतो.

आपल्या मेंदूत डोपामाइन नावाचं एक रसायन असतं. समोर दिसणाऱ्या-ऐकू येणाऱ्या हजार गोष्टींपैकी 'ही महत्त्वाची, हिच्याकडे बघ' असं ठरवण्यात त्याचा मोठा हात असतो. नंदूच्या आजारात हे रसायन नको तिथे उसळतं. मग रस्त्यावरचा हॉर्न महत्त्वाचा होतो, शेजाऱ्याचा खोकला महत्त्वाचा होतो, बातम्या देणाऱ्या बाईनं केस मागे सारले तेही आपल्यासाठीच असं वाटतं. आणि एवढ्या सगळ्या गोष्टी महत्त्वाच्या वाटायला लागल्या की माणूस त्यांची मोट बांधून त्यातून एक गोष्ट तयार करतो. ती गोष्ट बहुतेक वेळा एकच असते: हे सगळे मिळून माझ्या वाईटावर आहेत.

औषध काय करतं? एस्टीच्या खिडकीतून आपण सीटवर रुमाल टाकून जागा अडवतो ना, तसं मेंदूतल्या डोपामाइनच्या जागांवर रुमाल टाकून ठेवतं. डोपामाइन येतं, जागा अडवलेली बघतं आणि परत जातं. साधारण तीनांतल्या दोन जागा अडल्या की आजार आवरतो. पण पाचांतल्या चारांच्या वर अडल्या की हात थरथरतात, चाल लाकडासारखी होते, चेहरा कोरा पडतो. मधली वाट अरुंद. गोळ्यांच्या काळात डॉक्टर ही वाट अंदाजानं चालायचे. चार आठवडे एक गोळी, मग थोडी वाढव, थोडी कमी कर. तोवर माणसाचं वजन वाढायचं, तो दिवसभर पेंगायचा, मग वैतागून एक दिवस गोळ्याच बंद करायचा आणि महिन्याभरात पुन्हा खिडक्या लावून बसायचा.

मण्यानं हा अंदाज संपवला. ज्वारीच्या दाण्याएवढा मणी, दंडाच्या कातडीखाली बसवलेला, आत सहा महिन्यांचं औषध. कानामागे एक टिकली. ती मेंदूच्या लहरी आणि डोळ्यांची हालचाल वाचते, किती जागा मोकळ्या आहेत याचा हिशेब मण्याला कळवते आणि मणी तेवढंच औषध सोडतो. वरची मर्यादा डॉक्टरांच्या हातात. सोबत्याच्या फोनवर नुसती एक पट्टी दिसते. मण्याला काम कमी तर पट्टी ठेंगणी, काम जास्त तर उंच.

मात्र मणी फक्त जागा मोजतो. रुमाल कुणी टाकला हे त्याला कळत नाही. हे दवाखान्यात बसलेल्या चौघांपैकी दोघींना पक्कं माहीत होतं, एक डॉक्टर आणि दुसरी त्रिशला.

*

नंदू कुपवाडच्या कोल्ड स्टोरेजमध्ये बेदाण्याची प्रतवारी करायचा. पेटीतला दाणा जिभेवर ठेवून गंधकाची धुरी जास्त झालीय का सांगायचं, हे त्याचं काम, आणि त्याची जीभ बाजारात नावाजलेली. कामावर जाताना रोज सकाळी तो मेडिकलमध्ये थांबायचा. काउंटरच्या मागे अक्काची शेगडी होती. आलं, गवती चहा, शेवटी गूळ. दोघं उभ्या उभ्या चहा घ्यायचे. लग्न झालं, तो मृणालबरोबर विश्रामबागेत राहायला गेला, तरी हा चहा सुटला नव्हता. त्रिशलाकडे त्याचं एवढंच उरलं होतं.

मणी बसवल्यानंतर काही दिवसांनी तो असाच चहा घेत उभा होता. निम्मा कप झाला असेल, तेवढ्यात त्याचा फोन वाजला.

"हो... नाही, झोप जरा कमी झाली... बरं, येतो." त्यानं कप खाली ठेवला. "अक्का, मृणाल म्हणते पट्टी किंचित वर गेलीय. थोडा वेळ घरी पडतो, मग जातो कामावर."

"मी बघतेय की तुला. काय झालंय? चांगला आहेस."

"तिला आधी कळतं ना आता," नंदू कौतुकानं म्हणाला आणि गेला.

तिला आधी कळतं! त्रिशला त्या निम्म्या कपाकडे बघत राहिली. नंदूनं चपला कशा काढल्या यावरून तिला त्याचा दिवस कळायचा. उंबऱ्यावर तो अडखळला की ती संध्याकाळी डॉक्टरांना फोन करायची. इतक्या वर्षांची ही विद्या एका पोरीच्या फोनातल्या पट्टीनं मोडीत काढली होती. ती जळत होती, आणि आपण जळतोय हेही तिला स्वच्छ कळत होतं. कळून आग विझत नाही.

मागच्या कपाटात जुने थेंब होते. रंग नाही, वास नाही, चव जवळजवळ नाही. पटकन चढणारे, दुपार उलटली की उतरणारे. आजाराच्या सुरुवातीला नंदू गोळीला हात लावायचा नाही, तेव्हा त्या वेळच्या डॉक्टरांनी हेच दिले होते. "कशातून तरी द्या," ते म्हणाले होते, "पण थोडा सावरला की त्याला सांगून टाका. लपवून दिलेलं औषध फार दिवस चांगलं नसतं." तिनं चहातून दिले. तो सावरला, आपणहून गोळ्या घ्यायला लागला, थेंब बंद झाले. सांगून टाकायचं मात्र तिनं टाळलं. पुढे त्याला कारणच उरलं नाही असं तिनं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं त्याच्या कपात थोडे थेंब टाकले.

तिनं स्वतःला सगळं नीट समजावलं होतं. यात अपाय काही नाही. मी अडवेन तेवढ्या जागा मणी अडवणार नाही, बेरीज तीच. उलट यंत्राचं औषध वाचेल. फार्मसीच्या परीक्षेत हे उत्तर लिहिलं असतं तर तिला पैकीच्या पैकी गुण मिळाले असते. नंदू चहा प्यायला, "मस्त," म्हणाला आणि कामावर गेला. त्या दिवशी मृणालचा फोन आला नाही.

*

पंधरवड्यात मृणालच दुकानात आली. काउंटरपाशी अवघडून उभी राहिली.

"अक्का, एक विचारू? यांची पट्टी रोज सकाळी तुमच्याकडून गेले की खाली येते. दुपारपर्यंत अगदी ठेंगणी. संध्याकाळी घरी आले की परत वर. रविवारी तर दिवसभर वरच."

"असं?" त्रिशला म्हणाली. काउंटरवरच्या बाटल्या सरळच होत्या, त्या तिनं पुन्हा सरळ केल्या.

"आजरेकर मॅडमना दाखवली. त्या म्हणाल्या, ज्या घरात फार टोकलं जातं, फार काळजी केली जाते, तिथं हा आजार उचल खातो, हे जुनं संशोधन आहे. तुमच्या बोलण्यात काही ताण येतो का बघा म्हणाल्या." मृणालचा आवाज बारीक झाला. "मी खरंच काही बोलत नाही हो त्यांना. पण असेल काहीतरी. आईपण म्हणायची, तू बाबांना फार जपतेस, त्यांना श्वास घेऊ दे."

"नवीन संसार आहे. जमेल हळूहळू."

"तुम्ही काय करता, अक्का? सकाळी काय बोलता त्यांच्याशी? चहा कसा करता?"

आणि त्रिशलानं तिला चहा शिकवला! आलं ठेचायचं, किसायचं नाही. गवती चहा पाण्याबरोबरच उकळायचा. चहा उतरवल्यावर गूळ, आधी घातला तर दूध नासतं. मृणाल मान डोलवत एकेक गोष्ट लक्षात ठेवत होती. सगळं सांगून झालं, एक सोडून. त्या दिवशी दुकान बंद करून घरी जाताना त्रिशला चक्क गुणगुणत होती. तिला लाज वाटली का? वाटली, पण गुणगुणणं थांबण्याइतकी नाही.

पुढच्या तपासणीला डॉक्टर आजरेकरांनी तिला मुद्दाम बोलावून घेतलं. "तुमच्या सहवासात त्यांची औषधाची गरज निम्म्यावर येते," त्या म्हणाल्या. "मी असं पहिल्यांदाच बघतेय. आपण मण्याची दिवसाची मर्यादा खाली आणू या. वजन उतरेल, सुस्ती जाईल." नंदूनं अक्काकडे पाहिलं, ती नजर तिला पंधरा दिवस पुरली.

इथे तिनं थांबायला हवं होतं. मर्यादा खाली आणली म्हणजे ज्या दिवशी तिचे थेंब नसतील त्या दिवशी मण्याला हात बांधून बसावं लागणार, हे न कळण्याइतकी ती अडाणी नव्हती. तिनं एवढंच ठरवलं की आता रविवारीही चहाला बोलवायचं. पण रविवारी नंदू-मृणाल कधी हरिपूरला फिरायला जायचे, कधी तिच्या आईकडे, आणि "अक्का, येत्या रविवारी नाही जमणार," हे वाक्य मृणाल फार गोड आवाजात म्हणायची.

व्हायचं ते एका रविवारी झालं. भाजी घेऊन आलेला ड्रोन बाल्कनीपाशी जरा जास्त वेळ घरघरत राहिला. नंदूनं खिडक्या लावल्या, पडदे ओढले. मग त्यानं मृणालला विचारलं, "तू त्या फोनात माझ्याबद्दल कुणाला कळवतेस?" तिनं फोन त्याच्या हातात दिला. त्यानं तो पाण्याच्या बादलीत टाकला आणि कोपऱ्यात बसून रडायला लागला, कारण आपण काय करतोय हे निम्मं त्याला कळत होतं.

हे सगळं मृणालनं दुसऱ्या फोनवरून सांगितलं तेव्हा त्रिशलाच्या छातीत धस्स झालं. आणि त्या धस्स होण्याच्या खाली, अगदी तळाला, बघा, माझ्याशिवाय चालत नाही, असंही काहीतरी हललं. ते तिला नीट ऐकू आलं.

*

सोमवारी सकाळी नंदू दुकानात आला. डोळे ओढलेले. त्यानं कप घेतला, एक घोट घेतला आणि तोंडात धरून ठेवला, कामावर बेदाणा धरायचा तसा.

"अक्का, यात काय आहे?"

"काय असणार? रोजचाच आहे."

"आल्याच्या मागून काहीतरी कडवट येतं. मृणाल हुबेहूब असाच करते, तिच्या चहात ते येत नाही. बरेच दिवस मला लागतंय." तो हळूच म्हणाला, "कुणीतरी काहीतरी घालतं का यात?"

"आलं जून असेल."

"कडवट आल्याचं नाही."

"नंदू," ती म्हणाली, आणि पुढचं वाक्य तोंडातून निघताना तिला ते फार ओळखीचं वाटलं, कारण कॉलेजच्या दिवसांत तिनं ते शंभरदा म्हटलं होतं. "हे तुझा आजार बोलतोय."

नंदूचा चेहरा पडला. त्यानं कप तसाच उचलला, शेवटच्या घोटापर्यंत संपवला, जणू शिक्षा घेतोय, आणि म्हणाला, "चुकलो. मी डॉक्टरांना सांगतो."

तो गेल्यावर त्रिशलानं कप धुतला, पुन्हा धुतला. त्याला उलटं सांगायला मागे धावावं असं तिला वाटलं. पण दुकानात गिऱ्हाईक आलं, आणि तिनं त्याला खोकल्याचं औषध दिलं.

*

त्याच आठवड्यात डॉक्टरांनी तिघांना बोलावलं. मृणालला त्यांनी थोडा वेळ बाहेर बसायला सांगितलं. दार बंद झालं तेव्हा कॉरिडॉरच्या बाकावर ती हातात हात घट्ट धरून बसलेली त्रिशलाला दिसली. रडून रडून नाक लाल झालेलं. वाईट वाटलं, आणि बरंही वाटलं.

"मला त्यांच्याच तोंडून ऐकायचंय," डॉक्टर म्हणाल्या. "सांगा, अभिनंदन."

नंदू सांगायला लागला. पेटीतल्या मालाचा अहवाल द्यावा तसा, एकेक. ड्रोन. फोन. मग थांबला. "आणि मला वाटतं अक्का माझ्या चहात काहीतरी घालते. चव लागते, मॅडम, खरंच लागते. हे पहिल्यांदासारखंच आहे. तेव्हाही अन्नापासूनच सुरू झालं होतं." त्यानं त्रिशलाकडे पाहिलं नाही. "मृणालवर संशय घेतला ते एक वेळ ठीक, ती नवी आहे. पण अक्कावर? मी अक्कावर संशय घेतोय म्हणजे मी कुठवर गेलोय बघा."

डॉक्टरांनी मान हलवली. "मला वाटतं मणी आत्ता आपल्याला पुरत नाहीये. तो काढून महिन्याचं इंजेक्शन सुरू करू. जरा जड असतं, सुस्ती येईल, हात थोडे थरथरतील, पण पकड पक्की. आणि काही महिने तुम्ही अक्कांकडे राहा. तिथं तुम्ही स्थिर असता, पट्टी खोटं बोलत नाही."

"हो," नंदू म्हणाला. "मीही तेच ठरवलंय. आणि मृणालला सांगून टाकणार आहे की तू मोकळी आहेस. तिच्या वडलांचं केलं तिनं, आता माझं कशाला? थरथरत्या हातानं मला प्रतवारी जमणार नाही, नोकरीही जाईल. अक्का आहे की मला."

अक्का आहे की मला. हे ऐकण्यासाठी त्रिशलानं काय नसतं दिलं! आणि आता ते समोर वाढून ठेवलं होतं. काही करायचं नव्हतं, नुसतं गप्प बसायचं होतं. गप्प बसणं तिला चांगलं येत होतं. नंदू परत घरी, सकाळ-संध्याकाळ तिच्या हातचं जेवण, मृणाल आपल्या आईकडे. सुंठीवाचून खोकला गेला.

"एक करता येईल," डॉक्टर संगणकावर काहीतरी टिपत म्हणाल्या. "तुमच्या मनात चहाबद्दल शंका आहे ना? रक्त तपासू. काही नसलं की तुम्हालाच डोळ्यांनी दिसेल. त्यानं धीर येतो."

त्रिशलानं पर्सची चेन उघडली आणि परत ओढली.

"नको, मॅडम," नंदू म्हणाला. आता त्यानं अक्काकडे पाहिलं. डोळे भरलेले होते. "अक्काच्या चहाची तपासणी करायची? मग मी कुठल्या तोंडानं तिच्या घरी राहू? तिनं सांगितलंय की काही नाही. माझ्या जिभेवर माझा विश्वास नाही आता. तिच्यावर आहे."

सुटली होती ती. कायमची सुटली होती. कुणी कधी विचारणार नव्हतं. आणि समोर तिचा भाऊ बसला होता, ज्याच्या जिभेवर व्यापारी लाखाचा माल घ्यायचे, आणि तो ती जीभ, नोकरी, बायको, आपली शुद्ध, सगळं तिच्या एका खोट्या वाक्यावरून ओवाळून टाकत होता. तिला भाऊ हवा होता. हा जो बसला होता, मान खाली घालून, स्वतःला वेडा समजून, हा तिनं केलेला होता. असला तिला नको होता.

"होतं," ती म्हणाली.

"काय?" डॉक्टरांनी विचारलं.

"चहात. मीच घालत होते. जुने थेंब." आवाज तिचाच होता, पण दुसऱ्या कुणाचातरी वाटला. "मणी बसवल्यानंतर थोड्याच दिवसांत सुरू केले. मृणालनं काही केलेलं नाही. पट्टी खाली यायची ती थेंबांमुळे. मर्यादा तुम्ही खाली आणली, म्हणून रविवारी तो घसरला. त्याला आजारानं धरलेलं नाही, डॉक्टर. मी ढकललं."

डॉक्टरांच्या कपाळावर एक शीर उभी राहिली. नंदू अक्काकडे बघत होता, ती कुणी परकी बाई आहे असा.

"का?" त्यानं विचारलं.

"तिला आधी कळायला लागलं म्हणून."

त्याला हे कळलं की नाही कोण जाणे. मग त्यानं विचारलं, "आणि तेव्हा? होस्टेलवरून आलो तेव्हा? मी म्हणायचो जेवणात काहीतरी आहे."

"तू म्हणायचास तेव्हा नव्हतं. तो आजार होता. त्या संशयापायी तू गोळी घेईनास, म्हणून नंतर घालावं लागलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, तुला सांगून टाक म्हणून. मी सांगितलं नाही."

"म्हणजे तेव्हा आधी मी चूक होतो, नंतर बरोबर होतो."

"हो."

"आणि आत्ता बरोबर होतो."

"हो, नंदू. पहिल्या घोटापासून."

ती रागासाठी तयार होती. त्यानं टेबल उलथलं असतं तरी तिनं मान्य केलं असतं. पण नंदूच्या चेहऱ्यावर राग आला नाही. आधी ओठ हलले, मग डोळे, मग सगळा चेहराच हळूहळू मोकळा झाला. लहानपणी पास झाल्याचं सांगायला तो धावत यायचा, तेव्हाचा चेहरा. "मी बरोबर ओळखलं होतं," तो पुटपुटला. "मॅडम, मला खरी चव लागत होती. मला कळत होतं!" तो उठला, खुर्ची मागे कलंडली, ती त्यानं उचललीही नाही. दारापाशी थांबून तो म्हणाला, "तुझ्याशी मी नंतर बोलेन, अक्का. पुष्कळ बोलायचंय. आधी मृणालला सांगू दे."

आणि तो गेला.

दार सताड उघडं राहिलं. बाहेर मृणाल घाबरून उभी राहिलेली दिसली, आणि नंदू तिचे दोन्ही खांदे धरून भराभरा सांगत असलेला दिसला. "कडवट लागतं म्हणालो होतो ना? होतंच! मी आजारी नाही गं, मृणाल, मला बरोबर कळत होतं!" ती आधी काहीच समजली नाही, मग तिनं त्याच्या छातीवर डोकं टेकलं आणि मोठ्यानं रडायला लागली, आणि तो हसत होता. इतका मोकळा तो किती वर्षांत हसला नव्हता ते त्रिशलाला नेमकं माहीत होतं. कारण तो हसत नाही हे बघायला तीच तर तिथे असायची.

"किती थेंब?" डॉक्टर विचारत होत्या. आवाज कोरडा होता. "रोज सकाळीच? शेवटचे कधी दिले? एकदम बंद करायचे नाहीत, हे तुम्हाला मी सांगायला नको. आठवडाभर त्यांची भर मण्यातून हळूहळू करावी लागेल. इकडे लक्ष द्या, त्रिशलाताई."

त्रिशलानं सगळं बरोबर सांगितलं. मात्रा, वेळ, शेवटचा दिवस. भाऊ तिनं वाचवला होता, हे तिला कळत होतं, आणि त्याचा आनंदही झाला होता, अगदी खरा. पण इतक्या वर्षांत तिनं त्याला दिलेली सगळ्यात मोठी गोष्ट घेऊन तो तिच्याकडे पाठ करून धावला होता, आणि बाहेर ती दोघं अजून हसत होती. तिच्यानं ते ऐकवेना.

"डॉक्टर," ती म्हणाली, "तेवढं दार लावून घेता का?"